रिकामी काठी

१

यालमार विकब्लूमच्या अंगणातल्या उंच काठीवर पताका फडकत होती, आणि यालमार तळघराच्या पायऱ्यांखाली मरून पडला होता.

ग्रोशेर बेटावर घरात माणूस असलं की काठीवर लांबट पताका चढवायची आणि घर सोडून जाताना उतरवायची, ही जुनी रीत. त्यामुळे येणारा-जाणारा वर बघायचा आणि म्हणायचा, म्हातारा घरी आहे, चला, ठीक आहे. पोस्टाची बोट आली, गेली, पुन्हा आली. शेवटी पेटीत वर्तमानपत्रं मावेनात तेव्हा कुणीतरी दार ढकललं. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्याबरोबर गेलेला नाही. एक दिवस तरी जिवंत होता, कदाचित त्याहून जास्त.

यालमारने जन्मभर परदेशी जहाजांना खडकांमधून वाट दाखवली. म्हातारपणी एकटा राहायचा, म्हणून पालिकेच्या सकाळच्या फोनांच्या यादीत त्याचं नाव होतं. रोज सकाळी मुख्य भूमीवरून फोन यायचा, "उठलात का? कॉफी झाली का?" फोन कुणी उचलला नाही की थोड्या वेळाने पुन्हा करायचा, आणि तरी उचलला नाही तर बोट सुटायची. पण त्या आठवड्यात यालमारच्या घरी फोन वाजलाच नाही. यादीत त्याचं नावच नव्हतं.

ही यादी काढणारा डेटाबेस पालिकेने ईस्टरच्या सुट्टीत बदलला होता. जुना महागडा काढला आणि तुर्कू शहरातल्या एका लहान कंपनीचा बसवला. बदलण्याआधी जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून, नाव न् नाव ताडून "जुळलं" अशी सही कंपनीच्या विएनो सारेल्माने केली होती.

बातमी आली तेव्हा विएनो कंपनीच्या कँटीनमध्ये दर गुरुवारी मिळणारं वाटाण्याचं सूप पीत होती. हातातला चमचा तिने खाली ठेवला. त्या दिवसापासून तिला गुरुवारचं सूप गोड लागेना.

२

"तूच जा," पेइक म्हणाला. पेइक लिंडरूस हा विक्री बघणारा माणूस. चांगला कोट, गोड जीभ. "बेटावर जा, दोन माणसांशी बोल आणि लिहून दे की आपल्याकडे चूक नाही. पालिकेला चोर जवळजवळ सापडलेलाच आहे."

"कोण?"

"गुनवोर स्टेनरूस. बेटांवरच्या म्हाताऱ्यांची देखभाल करणारी नर्स. यादीतल्या नोंदी तिच्या हातात. यालमारने तिच्याविरुद्ध वसंतात तक्रार केली होती. आता सांग, नाव कुणी काढलं असेल? तिला कामावरून दूर ठेवलंय. तुझा कागद आला की काढूनच टाकतील, आणि मग पोलीस."

"आणि आपली चूक निघाली तर?"

पेइक हसला. "कशी निघेल बाई? तुझीच सही आहे ना त्यावर?"

ते वाक्य विएनोला माशाच्या काट्यासारखं बोचलं. ती तशीच औलिसच्या खोलीत गेली.

औलिस रांताकारी कंपनीतला सगळ्यांत हुशार माणूस. त्याचंच ते मोठं काम. जुन्या डेटाबेसला ज्या बोलीत हुकूम द्यायचे, ती बोली त्याने आपल्या डेटाबेसला शिकवली होती. म्हणजे गिऱ्हाईकाने वर्षानुवर्षं लिहून ठेवलेले हुकूम जसेच्या तसे इकडे आणावेत, एक ओळ बदलावी लागू नये. या एका वचनावर पेइक दुकान चालवत होता.

"नक्कल कुठवर करायची, याची एक हद्द असते," औलिस पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "मी त्यांची बोली घेतली. त्यांच्या खोडी घेतल्या नाहीत. दुसऱ्याचा कोट घातला म्हणून त्याच्यासारखं लंगडायचं का?"

"यालमारचं नाव कशाने गेलं असेल, औलिस?"

"माणसाने. मशीन कुणावर राग धरत नाही. तूच तर ताडून पाहिलंस ना? अक्षर तरी वेगळं निघालं का?"

निघालं नव्हतं. म्हणूनच विएनोला झोप येत नव्हती.

३

गुनवोरचं घर ग्रोशेरच्या धक्क्याजवळ. दारात बाई उभी होती, रुंद खांद्यांची, रबरी बूट घातलेली. तिने विएनोला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुर्कूहून आलात ना? या. फासावर द्यायचं ते कॉफी पिऊनच द्या."

"मी तुम्हाला फासावर द्यायला आलेली नाही."

"मग कशाला आलात? हवा खायला?" तिने वेलदोड्याचा पाव पुढे सरकवला. "घ्या. शिळा आहे. ताजा पाव कामावर असलेल्या माणसांसाठी असतो."

विएनोने विचारलं, "यालमारने तुमची तक्रार केली होती?"

"केली की! मी गुरं नेल्यासारखी बोट हाकते म्हणून. खरंच होतं ते. तक्रार लिहिताना 'बेजबाबदार' शब्द नीट कसा लिहायचा हे मलाच विचारत होता, याच टेबलाशी बसून. अहो, या बेटावर माझ्याशी कुणाचं भांडण नाही ते सांगा. शेजारी रूरिकने तर बांधावरून मला कोर्टात खेचलंय."

"त्याला सकाळी फोन येतो?"

"रोज. आणि फोनवरच्या पोरीला रोज माझ्याविषयी शिव्या ऐकवतो."

विएनोने पाव खाली ठेवला. "यालमारच्या नोंदीला तुम्ही शेवटचा हात कधी लावलात?"

"जूनमध्ये. मिडसमरच्या सणाला तो स्वीडनला बहिणीकडे गेला. नोंदीत एक रकाना आहे, 'फोन न करण्याचं कारण'. त्यात मी लिहिलं, 'बहिणीकडे आहे'. म्हणजे तेवढे दिवस यादीत नाव येत नाही. तो परत आला, पताका चढली, मी ते पुसून टाकलं. रकाना मोकळा झाला की फोन सुरू होतो. इतकी वर्षं असंच करत आले."

"नक्की पुसलंत?"

गुनवोरचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "नक्की. पण खरं सांगू? रात्री मलाच वाटतं, मी पुसलं नसेन. आता शंभरदा आठवते, आणि प्रत्येक वेळी हात वेगळाच दिसतो. तो तिथे पडला असताना मी त्याच्या काठीसमोरून दोनदा बोट नेली हो. वर पताका दिसली. मनात म्हटलं, आहे म्हातारा."

विएनोने पालिकेकडून आणलेली नोंद पडद्यावर काढून तिला दाखवली. रकाना मोकळा होता. गुनवोरने पुसलं होतं. नाव काढायचं काही कारण लिहिलेलं नव्हतं, आणि तरीही नाव यादीत नव्हतं.

ज्या बाईवर आळ आला होता, तिने आपलं काम नीट केलं होतं. मग चुकलं कोण?

४

तेकला नीहोल्म नव्वदीला टेकलेली. तिचं घर यालमारच्या घरासमोरच. तिने विएनोचा हात धरून खिडकीशी बसवलं.

"ये पोरी, बस. तूही साठीची दिसतेस, पण मला पोरीच म्हणू दे. इथून दिसते बघ त्याची पताका. अजून कुणी उतरवली नाही. घरातल्याने उतरवायची असते, आणि घरात तर कुणीच उरलं नाही. मी रोज बघायचे. पताका आहे म्हणजे यालमार आहे. पन्नास पावलांवर मरत होता आणि मी इथे स्वेटर विणत होते."

विएनोने पताकेकडे पाहिलं.

"तुम्हाला सकाळचा फोन येतो ना?" विएनोने विचारलं.

"येत नाही! बरंच झालं म्हणा. ती पोरगी माझ्या नाश्त्याच्या अंड्याची सुद्धा चौकशी करायची."

विएनो ताठ झाली. "कधीपासून येत नाही?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. मे महिन्यात मोठ्या इस्पितळात होते. परत आले, तर फोन बंद. मी म्हटलं, गुनवोर रागावली असेल. तिच्या मांजराला मी झाडू मारला होता."

म्हणजे यालमारने तक्रार केली, त्याचा फोन बंद. तेकलाने मांजराला मारलं, तिचा फोन बंद. पेइकला ऐकायचं होतं तसंच सगळं जुळत होतं. पण विएनोचं मन ते घेईना. राग हेच कारण असेल तर कोर्टात खेचणाऱ्या रूरिकचं नाव आधी जायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, तर निदान संन्यासी तरी नीट निवडायला हवा.

"रूरिक कधी कुठे बाहेर जातो?" तिने विचारलं.

"तो? लग्नाच्या दिवशी चर्चला गेला होता म्हणतात. त्यानंतर बेट सोडलेलं मी पाहिलं नाही."

"आणि तुम्ही याआधी कधी बाहेर गेला होता?"

"हिवाळ्यात मुलीकडे गेले होते की. नाताळापासून फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा आल्या आल्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला, 'तेकलाबाई, उठलात का?'" तेकला हसली. मग म्हणाली, "एव्हर्टला विचार हवं तर. तोही चार दिवसांपूर्वीच्या बोटीने नातवाच्या लग्नाहून आला. पलीकडच्या खडकावर एकटाच असतो."

विएनोने एव्हर्टचं नाव ऐकलं, पण तेव्हा मनावर घेतलं नाही. ती फेब्रुवारी आणि मे यांच्यात अडकली होती. तीच बाई, तीच नर्स, तसंच जाणं, तसंच परत येणं. एकदा फोन सुरू झाला, एकदा नाही.

मध्ये काय झालं होतं? मध्ये ईस्टर झाला होता.

५

ती बाहेर पडून धक्क्याकडे चालू लागली. वाटेवर घरं होती. सवय नसूनही तिची नजर काठ्यांवर जात होती. एका अंगणात काठी होती, दोरी होती, पताका नव्हती.

गुनवोर मागून आली होती. "ते लोक शहरात गेलेत," ती म्हणाली.

पुढचं घर लहान, लाल रंगाचं. तिथे काठीच नव्हती.

"आणि हे?"

"ते नवे लोक. त्यांनी काठी अजून उभारली नाही. घरी असतील, नसतील, काय सांगावं!"

विएनो वाटेतच थांबली. दोन्ही घरांवर पताका नव्हती. लांबून पाहणाऱ्या परक्याला दोन्ही सारखीच. पण काठी असून पताका नाही, याचा अर्थ ठरलेला होता. काठीच नाही, तेव्हा मात्र काहीच कळत नव्हतं.

औलिसचं वाक्य तिच्या कानात वाजलं. त्यांच्या खोडी घेतल्या नाहीत.

ती तिथल्या दगडावर बसली.

"काय झालं हो? बरं नाही का?"

"गुनवोर, नीट ऐका. जुन्या डेटाबेसला एक खोड होती. लिहिलेलं पुसलं आणि रकाना मोकळा राहिला, की तो धरून चालायचा, इथलं काही माहीतच नाही. म्हणजे पताका उतरवली की तो काठीच उपटून टाकायचा. पालिकेतल्या कुणीतरी यादीचा हुकूम त्या खोडीवरच लिहिला. 'ज्यांच्या रकान्यात काय आहे ते माहीत नाही, त्यांना फोन करा.' तिथे ते बरोबर चालायचं. आमचा डेटाबेस तसा नाही. आमच्याकडे पुसलेला रकाना म्हणजे रिकामी काठी. ती आहे, आणि ती रिकामी आहे, हे आम्हाला माहीत असतं. मग 'माहीत नाही' असं विचारलं की ते नाव येत नाही. रूरिकच्या रकान्यात कुणी कधी काही लिहिलंच नाही, म्हणून त्याचा फोन चालू राहिला."

"पण दिसायला तर मोकळाच दिसतो."

"दोन्हीकडे मोकळाच दिसतो. तुम्हाला कळणार कसं? आमचा डेटाबेस घडवणाऱ्या औलिसने तो हुकूम समजून घेतला, तोंडातून तक्रारीचा शब्द काढला नाही, आणि स्वतःच्या अर्थाने पाळला."

"मग तुम्ही दोन्ही याद्या ताडून पाहिल्या होत्या ना? तेव्हा कसं दिसलं नाही?"

हा प्रश्न येणार हे विएनोला माहीत होतं. स्वतःला तिने तो आधीच विचारला होता.

"कारण मी जुन्या यादीतलीच माणसं आणून ताडली होती. जुन्याने सगळ्या रिकाम्या काठ्या आधीच उपटलेल्या होत्या. तशीच माहिती आमच्याकडे आली. याद्या जुळणारच. तेकलाबाईंची फेब्रुवारीची नोंद जुन्यात पुसली गेली, म्हणून फोन सुरू झाला. मेमधली आमच्याकडे पुसली गेली. मला एकच करायला हवं होतं. चाचणीपुरतं एका माणसाला बाहेर पाठवून, नव्या डेटाबेसमध्ये परत घरी आणायला हवं होतं. मी कुणालाच घरी आणलं नाही. आणि सही केली."

गुनवोर बोटांवर नावं मोजू लागली. मग एकदम तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे ईस्टरनंतर जो जो परत आला..."

"त्याला फोन जात नाही. आजही, रकाना तुम्ही पुसा नाहीतर तुमच्या बदलीची नर्स."

दोघींच्या तोंडी एकाच वेळी नाव आलं. एव्हर्ट.

६

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तसाच वाजला.

गुनवोरने बोट सोडली. यालमारची तक्रार अगदी खरी होती. विएनो दोन्ही हातांनी कड धरून बसली होती आणि लाटा तिच्या तोंडावर आदळत होत्या.

"कामावर नसताना बोट घेतलीत म्हणून आणखी एक आरोप लागेल तुमच्यावर!" ती ओरडली.

"लागू दे! रूरिकला आनंद होईल!"

समोर खडक दिसू लागला. एक करडं घर, एक काठी, वर पताका. दोघींनी ती पाहिली, आणि दोघींनाही तिचा धीर वाटला नाही.

दार उघडं होतं. चूल थंड. टेबलावर फोन होता आणि त्याच्याशेजारी खुर्ची ओढून ठेवलेली. "एव्हर्ट!" गुनवोरने हाक मारली. उत्तर नाही. तळघराचं झाकण बंद होतं. विएनोने ते उचललं. खाली बटाटे होते, फक्त बटाटे.

"माझ्या बटाट्यांत काय शोधताय?"

दारात एव्हर्ट उभा होता. सौनातून, वाफेच्या न्हाणीतून आलेला, लालबुंद, कमरेला टॉवेल.

गुनवोर मटकन खाली बसली. "मेल्या, फोन का उचलत नाहीस?"

"सौनात काय फोन घेऊन जाऊ? आणि माझा फोन वाजतो कुठे? परत आल्यापासून रोज सकाळी खुर्ची घेऊन बसतोय. कुणी विचारत नाही. आज कंटाळलो आणि सौना तापवला. मला वाटलं, तुम्ही सगळे मेलात."

गुनवोर हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. विएनो मात्र त्या खुर्चीकडे बघत होती. यालमारच्या घरातही फोनजवळ अशीच खुर्ची असेल का, हे तिने कुणाला विचारलं नाही.

तिथूनच तिने पालिकेला फोन केला. ईस्टरनंतर परत आलेल्या प्रत्येकाचं नाव गुनवोर पाठ सांगत गेली. बाकी सगळे सुखरूप निघाले.

७

"रिकामं म्हणजे 'माहीत नाही' नव्हे," औलिस म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण मान ताठ होती. "ती त्यांची चूकच आहे. जगात कुणालाही विचार."

"तुझं खरं आहे," विएनो म्हणाली. "मग तो हुकूम आला तेव्हा तू 'नाही' का म्हणाला नाहीस? खोड घ्यायची नव्हती तर दारातच अडवायचं, 'याचा अर्थ माझ्याकडे वेगळा आहे, बदलून आणा.' यालमार परदेशी जहाजावर चढायचा तेव्हा कप्तानाचा शब्द कळला नाही तर सुकाणूला हात लावत नसे, म्हणे. बेटावर अजून सांगतात. आपण मान डोलावली आणि सुकाणू धरलं."

"अडवत होतो मी," औलिस हळूच म्हणाला. "पडद्यावर लाल सूचना येत होती. पेइक म्हणाला, गिऱ्हाईक घाबरतं."

पेइकने टाय सैल केला. "'एक ओळ बदलावी लागणार नाही' असं वचन दिलं होतं आपण. लाल सूचना दाखवून कोण विकत घेईल? आणि काढ म्हटल्यावर काढलीस तूच ना?"

"काढली," औलिस म्हणाला.

"हे बघ विएनो," पेइकने आवाज मऊ केला. "नोंद हाताळताना बेटावर गोंधळ झाला, एवढंच लिही. खोटंही नाही ते. कंपनी बसली तर आपण सगळे रस्त्यावर येऊ. ती नर्स काय, तिला दुसरीकडे काम मिळेल."

विएनोने कागद पुढे ओढला. गुनवोर स्टेनरूसकडून काहीही चूक झालेली नाही, हे पहिलं वाक्य तिने लिहिलं. मग औलिसने काय केलं, पेइकने काय काढायला लावलं, ते लिहिलं. शेवटी स्वतःचं लिहिलं, आणि तिथे सगळ्यांत जास्त वेळ गेला.

"इथेही सही तुझीच," पेइक कडवटपणे म्हणाला.

"हो. या वेळी वाचून केली आहे."

८

यालमारला पुरलं त्या दिवशी वारा पडला होता. स्वीडनहून बहीण आली होती, चालायला दोन काठ्या लागणारी. अंगणात माणसं उभी होती. रूरिकसुद्धा बेटाच्या या टोकाला आला होता, टोपी हातात घेऊन. गुनवोर कामाच्या कपड्यांत होती. तिला पुन्हा कामावर घेतलं होतं.

विएनो फाटकाबाहेरच थांबली. आत जायचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटेना.

बहिणीने दोरीला हात लावला, पण बोटांत जोर नव्हता. तिने इकडे तिकडे पाहिलं. "माझ्याबरोबर कोण धरतं?"

कुणी पुढे होईना. रीत घरच्यांची. मग तेकलाने खिडकीतून हाक मारली, "ए पोरी, फाटकातली! तू धर. तुझं या घराशी नातं आहे आता, ते चांगलं असो वाईट असो."

विएनो आत आली. दोरी खरखरीत होती, मिठाने कडक झालेली. गुनवोर येऊन तिच्या खांद्याशी उभी राहिली. तिघींनी मिळून पताका हळूहळू खाली घेतली. बहिणीने ती घडी करून छातीशी धरली.

सगळ्यांनी वर पाहिलं. काठी रिकामी होती, आणि तिचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता.